पॅरिशचा सण, रेशनच्या पिशव्या आणि एक फोटो

तीनहातनाका | बुधवार, रात्री ११:०५

मंडळी, बरेच दिवस इथे नुसतं वाचतोय, आज लिहायला बसलो. मी ठाण्यातल्या एका कॅथलिक पॅरिशमध्ये (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या मंडळीत) आहे. कुठल्या ते मुद्दाम सांगत नाही. खाली जे सांगणार आहे त्यात चूक माझी आहे, चर्चचं नाव उगाच कशाला मध्ये आणा.

दोन वर्षं झाली, मी आमच्या एसव्हीपीचा खजिनदार आहे. एसव्हीपी म्हणजे सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी, गरिबांच्या घरी जाऊन मदत करणारी कॅथलिक संस्था. बहुतेक मोठ्या पॅरिशमध्ये तिचा एक गट असतो, त्याला कॉन्फरन्स म्हणतात. दहाबारा माणसं दर आठवड्याला भेटतात, प्रार्थना होते, कुठल्या घरी कोण जाऊन आलं ते सांगतात. शेवटी एक कापडी पिशवी फिरते. मूठ बंद करून हात आत घालायचा आणि रिकामा बाहेर काढायचा. कोणी पाचशे टाकले, कोणी दहा, कोणी काहीच नाही, हे कोणाला कळत नाही. या पिशवीला सिक्रेट बॅगच म्हणतात. म्हणजे देणाऱ्याची लाज राखायची सोय आम्ही पहिल्यापासून करून ठेवलेली आहे. घेणाऱ्याचं काय झालं ते आता सांगतो.

गेल्या वर्षी संत व्हिन्सेंटच्या सणाला (२७ सप्टेंबर, आम्ही जवळच्या रविवारी करतो) मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) झाल्यावर हॉलमध्ये रेशन वाटलं. पाच किलो तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर, चहा. मागे बॅनर. मी पिशव्या देत होतो आणि एक पोरगा फोटो काढत होता. फोटो पॅरिशच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेले. खूप अंगठे आले, हात जोडलेले आले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आमच्या यादीत एक मावशी आहेत. इस्ट इंडियन (म्हणजे मुंबई-ठाण्याकडच्या मूळच्या मराठी बोलणाऱ्या कॅथलिक), सत्तरी ओलांडलेल्या, जुन्या चाळीत वरच्या मजल्यावर राहतात. मुलगा-सून नाहीत, आठवीतला नातू सोबत. त्यानंतरच्या महिन्यात आम्ही दोघं पिशवी घेऊन गेलो तर दार उघडलं, पण उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. आत या म्हणाल्या नाहीत. मी विचारलं, मावशी तब्येत? तर म्हणाल्या, "फोटूत माजा हात दिसतो, पिशवी दिसते, तुजा चेहरा दिसतो. सगल्यांना सगलं कललं."

मला आधी कळेचना. मग कळलं की फोटो कोणीतरी पुढे पाठवला, तो फिरत फिरत नातवाच्या वर्गातल्या मुलांपर्यंत गेला. त्याला पोरं एका नावाने हाक मारायला लागली. ते नाव इथे लिहीत नाही. मागच्या महिन्यातली पिशवी दाराशेजारी तशीच होती, वरची गाठसुद्धा सोडलेली नव्हती.

आता पुन्हा सण आलाय. कमिटीत लाइटिंगचं कोटेशन फिरतंय, आकडा बघून माझ्यातला खजिनदार गारठला. आणि "यंदा फोटोग्राफर चांगला बघा" असंही कोणीतरी म्हणालं.

तर विचारायचं असं: तुमच्या पॅरिशमध्ये (किंवा देवळात, गुरुद्वारात, कुठेही) हे कसं करता? संताचा सण एकीकडे आणि संताने जे केलं ते दुसरीकडे, अशी दोन खाती होऊ नयेत म्हणून काय करता?

---

वाशीची_लिली | बुधवार, रात्री ११:४८

दादा, आधी त्या पोराच्या शाळेचं बघा. वर्गशिक्षिकेला भेटलात का?

फोटोचं म्हणाल तर आम्ही तीन वर्षांपूर्वी बंद केले. फक्त पिशव्यांचा फोटो, वाटप व्हायच्या आधी, टेबलावर मांडलेल्या. देणगीदारांना तोच पाठवतो. एकानेही देणगी थांबवली नाही. उलट एक काका म्हणाले, बरं झालं, मला दरवेळी त्या बायकांकडे बघून अपराधी वाटायचं.

दुसरं म्हणजे हॉलमध्ये रांग लावूच नका. सणाच्या दिवशी सगळ्यांचं जेवण एकत्र, कूपन नाही, पंगत एक. रेशन मग आठवड्यात घरी. घरी जाणं हेच तर एसव्हीपीचं मूळ काम ना?

---

तीनहातनाका | गुरुवार, सकाळी ७:१५

लिली, शाळेत गेलो होतो. बाईंनी समजून घेतलं, मुलांशी बोलल्या. पण आठवीतल्या मुलांचं तुम्हाला माहीतच आहे.

आणि हो, मूळ काम तेच. फ्रेडरिक ओझानाम पॅरिसमध्ये शिकत होता. वादसभेत एकाने टोमणा मारला, तुमच्या चर्चने पूर्वी पुष्कळ केलं असेल, आज तुम्ही काय करता? आदल्याच वर्षी, १८३२ साली, पॅरिसमध्ये कॉलऱ्याने माणसं मेली होती, त्यामुळे टोमणा चांगलाच लागला. २३ एप्रिल १८३३ ला सहासात जण जमले. त्या दिवशी ओझानाम वीस वर्षांचा झाला होता. गरिबांच्या घरी कसं जायचं हे त्यांना शिकवलं सिस्टर रोझाली रोंद्यूने, तिला त्या वस्तीतलं घरन्‌घर पाठ होतं. पहिल्यांदा काय नेलं, तर म्हणे स्वतःच्या खोलीतलं थंडीसाठी ठेवलेलं जळण. बॅनर नव्हता.

---

गास_ते_गोखलेरोड | गुरुवार, सकाळी ९:३०

धागा चांगला आहे. मी मूळचा वसईचा, आता ठाण्यात.

आमच्याकडे सण म्हटला की गोन्सालो गार्सिया. वसईत जन्मलेला आणि संत झालेला आमचा माणूस, त्यामुळे बँड, फुगे, पाहुणे, सगळं आलंच. त्यात मला काही वावगं वाटत नाही. पण लहानपणी आम्हाला फक्त शेवट सांगायचे. ५ फेब्रुवारी १५९७, नागासाकीची टेकडी, सव्वीस क्रूस, भाले. पुढे १६२७ मध्ये धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी), १८६२ मध्ये संत. परीक्षेला येतं तसं पाठ.

मधलं कोणी सांगितलंच नाही. हा माणूस धर्मगुरू नव्हता, ब्रदर होता. आधी जपानमध्ये व्यापार केलेला, भाषा अस्खलित यायची. फ्रान्सिस्कन मंडळी (संत फ्रान्सिसच्या संघातले साधू) जपानला गेली तेव्हा दुभाष्या म्हणून त्याला नेलं. त्यांनी क्योटोमध्ये महारोग्यांसाठी दवाखाना उभा केला. आता विचार करा, पाद्री स्पेनचे, रोगी जपानी. कुठे दुखतं, कधीपासून, घरी कोण आहे, हे कोणाच्या तोंडून कळणार? हे मी मोठेपणी वाचलं आणि मग सणाच्या मिरवणुकीत तो मला वेगळाच दिसायला लागला.

म्हणून सांगतो, तुमच्या फादरना म्हणा, नोव्हेनाच्या (सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या) नऊ संध्याकाळी प्रवचनात त्या संताचं मरण एक दिवस सांगा आणि उरलेले आठ दिवस काम सांगा.

---

घंटाळी_मैदान | गुरुवार, सकाळी १०:०२

मी ख्रिस्ती नाही, तेव्हा प्रश्न बाळबोध वाटला तर हसू नका. संत कोण ठरवतं? आपल्याकडे लोकच ठरवतात. गाडगेबाबांना कोणी सर्टिफिकेट दिलं नव्हतं. तुमच्यात चमत्कार सिद्ध करावा लागतो म्हणतात, खरं का? आणि नवस बोलतात का तुमच्यात? माझी आत्या दर बुधवारी माहीमच्या चर्चला मेणबत्ती घेऊन जायची, पक्की कोब्रा असून.

---

तीनहातनाका | गुरुवार, दुपारी १:२०

हसत नाही. आत्या एकट्या नव्हत्या, बुधवारी माहीमला निम्मी गर्दी आमच्यातली नसते.

टप्पे चार. देवाचा सेवक, मग वंदनीय, मग धन्यवादित, मग संत. धन्यवादित व्हायला साधारण एक चमत्कार तपासून मान्य व्हावा लागतो, संत व्हायला आणखी एक. हुतात्मा असेल तर पहिल्याला सूट. मदर तेरेसा १९९७ मध्ये गेल्या, २००३ मध्ये धन्यवादित झाल्या, ४ सप्टेंबर २०१६ ला संत. ही झटपट म्हणायची. आमच्या गोन्सालोला २६५ वर्षं लागली.

पण तुमचं बरोबर आहे, सुरुवात लोकच करतात. रोम मागून शिक्का मारतं. नवस बोलतात, हो. फिटला की पाव वाटतात. संत अंथनीच्या नावाने गरिबांना पाव द्यायची रीत जुनी आहे, कितीतरी चर्चमध्ये त्याच्या पुतळ्याखाली त्यासाठी पेटी असते.

---

केडगाव_लाइन | गुरुवार, दुपारी ३:४४

मी मराठी प्रोटेस्टंट घरातला. तेव्हा पहिल्यांदा नेहमीचं टुमणं लावून घेतो: बायबलमध्ये 'पवित्र जन' म्हणजे सगळेच विश्वासणारे. पुतळा, नोव्हेना, मध्यस्थी (संतांमार्फत देवाकडे मागणं) हे आम्हाला पटत नाही. मागायचं ते थेट मागावं. आणि पुतळा नसला की लाइटिंगचं कोटेशनही येत नाही, हा फायदा वेगळा. :)

टुमणं संपलं. पण खरं सांगू का, आठवण ठेवायची सोय नसणं हेही काही चांगलं नाही. आमच्या पोरांना पंडिता रमाबाई विचारा. शाळेच्या पुस्तकातल्या दोन ओळी सांगतील. १८९६-९७ च्या दुष्काळात ही बाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी पोरीबाळी केडगावला घेऊन आली. जिथे माळ होता तिथे शेती, विणकाम, छापखाना उभा केला आणि छापखान्यात कामाला बायकाच. नुसतं धान्य वाटून ती परत आली नाही, हे तुमच्या धाग्याच्या संदर्भात महत्त्वाचं. ५ एप्रिल १९२२ ला गेली. गंमत बघा, इंग्लंडच्या चर्चच्या कॅलेंडरमध्ये तिचा दिवस आहे, ३० एप्रिल. आमच्या मंडळीत त्या दिवशी कोणाला पत्ता नसतो.

---

गास_ते_गोखलेरोड | गुरुवार, दुपारी ३:५१

मध्यस्थीवर इथे सुरू करू नका राव, दोनशे प्रतिसाद होतील आणि मावशी राहतील बाजूला.

---

केडगाव_लाइन | गुरुवार, दुपारी ३:५३

नाही करत. म्हणून तर हसरा चेहरा टाकला.

---

हिशोब_दाखवा | गुरुवार, संध्याकाळी ६:३०

मी वेगळं बोलणार आहे. फोटो नको म्हणणं सोपं आहे. पण मी देणगीदार आहे, तीनचार ठिकाणी देतो, आणि दोन ठिकाणी हात पोळलेत. माल आला, पोचला कुठे कोणाला माहीत नाही. फोटो नाही, नावं नाहीत, मग पुरावा काय? तुमच्या शब्दावर विश्वास ठेवायचा? खजिनदारांनी उत्तर द्यावं.

---

तीनहातनाका | गुरुवार, रात्री ९:१०

रास्त प्रश्न. आमची पद्धत सांगतो.

घरभेटीला कधीच एकटा जात नाही, दोघं जातात आणि जोडी बदलत असते. प्रत्येक कुटुंबाला क्रमांक. मावशींचं घर म्हणजे क्रमांक सात. मीटिंगच्या इतिवृत्तात लिहिलं जातं: सातकडे गेलो, काय दिलं, काय कळलं. किराण्याचं बिल फाइलला. नावं अध्यक्षांकडच्या वहीत, ती वही कपाटात. पॅरिशचे ऑडिटर येतात तेव्हा ते वही बघू शकतात, बाकी कोणी नाही. तुम्ही देणगीदार म्हणून कधीही या, बिलं आणि इतिवृत्त दाखवतो, आणि हवं तर जोडीतला दुसरा म्हणून भेटीलाही चला. फोटोपेक्षा हे जास्त पक्कं आहे. फोटोत पिशवी एकाला देऊन परत घेतली तरी कळत नाही.

---

हिशोब_दाखवा | गुरुवार, रात्री ९:२५

शेवटचं वाक्य मान्य. भेटीला येईन का ते सांगतो.

---

कळव्याची_क्लॅरा | गुरुवार, रात्री १०:४०

सगळे काका लोक फोटोवर तुटून पडलेत. :) मी यूथ ग्रुपमध्ये आहे आणि तो फोटो काढणारा 'एक पोरगा' म्हणजे आमच्यासारखंच कोणीतरी. त्याला कोणी सांगितलं होतं का काढू नको म्हणून? बॅनर कोणी छापला? त्यावर प्रायोजकाचं नाव होतं का? पोरांवर ढकलू नका.

आणि संतांबद्दल म्हणाल तर आम्हाला दाढीवाले, डोळे वर करून बसलेले नकोत. पियेर जॉर्जिओ फ्रासाती बघा. तुरीनचा, श्रीमंत घरातला, डोंगर चढायचा, मित्रांत टवाळ. शाळेत असतानाच तुमच्या एसव्हीपीत होता. बापाने दिलेले गाडीभाड्याचे पैसे वस्तीत देऊन घरी चालत यायचा. १९२५ मध्ये चोविसाव्या वर्षी पोलिओने गेला. अंत्ययात्रेला घरच्यांना वाटलं मोठमोठे लोक येतील. रस्ता भरला तो वस्तीतल्या माणसांनी, आणि तेव्हा घरच्यांना कळलं पोरगा कुठे जायचा. ७ सप्टेंबर २०२५ ला तो आणि कार्लो अकुतिस (पंधराव्या वर्षी गेलेला, वेबसाइट बनवणारा इटलीतला पोरगा) एकाच दिवशी संत झाले. आमच्या ग्रुपवर कार्लोचे स्टिकर खूप, फ्रासातीचे कमी. कार्लोचं कॉम्प्युटरचं काम सगळ्यांना माहीत, पण तोही खाऊच्या पैशांतून रस्त्यावरच्या माणसांना काहीबाही नेऊन द्यायचा, हे कमी जणांना माहीत असतं.

---

तीनहातनाका | गुरुवार, रात्री १०:५८

क्लॅरा, बॅनर मीच छापून घेतला. प्रायोजकाचं नाव होतं. फोटो काढायलाही मीच सांगितलं होतं. 'एक पोरगा' हे लिहिताना मला वाटलं होतं मी त्याला वाचवतोय. तू म्हणतेस तेच खरं असावं.

---

मसुंदा_१३२१ | शुक्रवार, सकाळी ६:५०

उशीर झाला, पण ठाण्याचा धागा आणि चौघांचं नाव नाही हे बघवेना. माझ्या आयडीत १३२१ का आहे, हे सात वर्षांत इथे कोणी विचारलं नाही, आता सांगतोच.

त्या वर्षी ९ एप्रिलला या ठाण्यात तीन फ्रान्सिस्कन मारले गेले: तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, तिफ्लिसचा दिमित्री. दोन दिवसांनी चौथा, सिएनाचा पीटर. पोर्तुगीज यायच्या जवळपास दोनशे वर्षं आधीची गोष्ट. आपल्याला वाटतं इथला ख्रिस्ती इतिहास पोर्तुगीजांपासून सुरू होतो. तसं नाही. ओडोरिक नावाचा प्रवासी लिहून गेलाय की ठाण्यात नेस्टोरियन (पूर्वेकडच्या जुन्या चर्चच्या) ख्रिस्त्यांची पंधरा घरं होती, त्यांतल्या एका घरी हे उतरले होते.

पुढचं ऐका. घरमालकाने बायकोला मारलं. ती काझीकडे दाद मागायला गेली. साक्षीदार कोण, तर घरी आलेले हे पाहुणे. बोलावणं आलं, गेले, तिथे धर्मावरून वादावादी झाली आणि सुभेदाराने जीव घेतला. ओडोरिक असंही सांगतो की दिल्लीच्या सुलतानाला कळलं तेव्हा त्याने त्या सुभेदारालाच शिक्षा केली. (यावरून आजच्या राजकारणावर येणाऱ्यांनी दुसरा धागा काढावा.) त्यांच्या सोबतचा जॉर्डेनस नावाचा डॉमिनिकन (दुसऱ्या संघातला साधू) तेव्हा दूर होता. तो आला, प्रेतं गोळा केली, सोपाऱ्याला पुरली. ओडोरिक पुढे आला आणि अस्थी घेऊन थेट चीनला गेला. थॉमसला १८९४ मध्ये रोमने धन्यवादित म्हणून मान्यता दिली.

आता माझा मुद्दा. चौघांत मला जवळचा कोण, तर पीटर. त्या दिवशी तो गेलाच नव्हता. का? सामान सांभाळायला घरी थांबला होता. दरवेळी एक असतोच ना असा, सगळे पुढे जातात आणि हा बोचकी राखतो. तुमच्या सणात हॉलच्या मागे कांदे कापणारे, खुर्च्या मोजून परत करणारे, त्यांचा हा संत. कोणी मानो न मानो, मी मानतो. तलावपाळीला फेरी मारताना रोज एकदा त्याची आठवण काढतो.

---

घंटाळी_मैदान | शुक्रवार, सकाळी ८:१५

पन्नास वर्षं ठाण्यात काढली, हे पहिल्यांदा ऐकतोय. आणि सगळं सुरू झालं एका बाईने मारहाणीची तक्रार केली म्हणून. तिचं पुढे काय झालं?

---

मसुंदा_१३२१ | शुक्रवार, सकाळी ८:२०

तिच्याबद्दल पुढे एक ओळ नाही. तेही आलंच त्यात.

---

निमसरकारी | शुक्रवार, सकाळी ११:३०

इतिहास झाला, आता वर्तमान. मी महसूल खात्यातून निवृत्त. तीनहातनाका, तुमच्या मावशींना पेन्शन चालू आहे का? तुम्ही कुठेच लिहिलं नाही, म्हणून शंका येते की कोणी विचारलंच नाही.

सत्तरी ओलांडली म्हणजे श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना. वय ६५ च्या पुढे लागतं. ६५ च्या आतली निराधार, विधवा असेल तर संजय गांधी निराधार अनुदान योजना. दोन्हींत महिना १,५०० रुपये. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० आहे, म्हणजे फार खाली, पण मावशींना कमावतं कोणी नाही म्हणता तर बसतील. महाराष्ट्रात पंधरा वर्षांचा रहिवास लागतो. कागद: वयाचा पुरावा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा, आधारशी जोडलेलं बँक खातं. अर्ज तहसील कार्यालयात नाहीतर सेतूत.

लोक कुठे अडतात ते सांगतो. एक, नावातला फरक. तुमच्या लोकांत हे फारच. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, रेशनकार्डावर दुसरं, आधारवर तिसरं आणि घरी हाक मारतात ते चौथं. अर्जाआधी ते जुळवा, नाहीतर फाइल वर्षभर हेलपाटे घालते. दोन, हयातीचा दाखला. दरवर्षी द्यावा लागतो. म्हाताऱ्या माणसाला जिना उतरवत नाही, दाखला राहतो, पैसे थांबतात आणि त्यांना वाटतं सरकारने योजनाच बंद केली.

आणि दवाखान्याचं लक्षात ठेवा. धर्मादाय न्यासाची जी मोठी रुग्णालयं आहेत, त्यांना सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खाली दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात. काउंटरवर आपणहून सांगत नाहीत. विचारावं लागतं, उत्पन्नाचा दाखला पुढे करून.

पाच किलो तांदूळ वाईट नाही. पण दीड हजार हक्काचे असतात, त्याला कोणी फोटो मागत नाही.

---

वाशीची_लिली | शुक्रवार, दुपारी १२:१०

निमसरकारी काका, हा प्रतिसाद मी प्रिंट काढून आमच्या मीटिंगला नेतेय.

---

चौथी_गल्ली | शुक्रवार, रात्री ११:५५

मी इथे सहसा लिहीत नाही. या धाग्यावर लिहावंसं वाटलं, कारण मी पलीकडच्या बाजूचा आहे.

आम्ही यादीत होतो. वडील गेले तेव्हा मी पाचवीत. दर गुरुवारी संध्याकाळी दोघं जण यायचे. एक बँकेतले, एक कुठल्याशा कारखान्यात फोरमन. पिशवी कापडी असायची, साधी, बाजारातून आणल्यासारखी. आल्या आल्या ती आईच्या हातात देत नसत. दाराच्या मागे ठेवायचे आणि बसायचे. आई चहा करायची. चहाला ते कधी नको म्हणाले नाहीत, आमच्याकडे साखर किती असायची हे त्यांना माहीत असूनही. तेव्हा मला राग यायचा, हे आमचीच साखर संपवतात म्हणून. आज कळतं.

बँकेतले माझी वही बघायचे. अपूर्णांकांची बेरीज मला त्यांनी शिकवली, भाकरीचे तुकडे करून नाही, पगाराचे हप्ते पाडून. फोरमन काका फारसे बोलायचे नाहीत. एकदा गळका नळ बघून गेले आणि पुढच्या गुरुवारी वायसर घेऊन आले.

मुख्य सांगायचं ते चपलांचं. ते दोघं चपला दाराबाहेर काढायचे, नीट जोडीने. वडील गेल्यावर आमच्या दाराबाहेर बाप्या माणसाच्या चपला नसायच्या. चाळीत ते दिसतं. गुरुवारी दिसायच्या. शेजारची बाई आईला विचारायची, पाहुणे आले होते का? आई म्हणायची, हो. एवढंच. आठवड्यातून एक दिवस आमच्याकडे पाहुणे यायचे.

कोणत्या संताच्या नावाने ते येत होते हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं.

---

कळव्याची_क्लॅरा | शनिवार, सकाळी ७:०५

रडवलंत.

---

हिशोब_दाखवा | शनिवार, सकाळी ७:४०

तीनहातनाका, भेटीला येतो. वार सांगा.

---

तीनहातनाका | पुढच्या रविवारी, रात्री १०:३०

मंडळी, काय झालं ते सांगतो. सगळं मनासारखं झालेलं नाही.

कमिटीची मीटिंग झाली. लाइटिंग रद्द होणार नाही. म्हातारी माणसं म्हणाली, वर्षातून एकदा चर्च उजळतं, तेही बघू नये का? त्यात माझी आईही होती. मी गप्प बसलो. कोटेशन थोडं खाली आलं, इतकंच. हॉलमधलं वाटप मात्र बंद झालं, बॅनरही नाही. तिथे मी संत व्हिन्सेंटचीच गोष्ट सांगितली. १६१७ मध्ये फ्रान्सच्या शातियों गावात एक कुटुंब आजारी पडलं. त्याने प्रवचनात सांगितल्यावर अख्खं गाव टोपल्या घेऊन त्या घराकडे निघालं. याने बघितलं आणि म्हणाला, आज एवढं आलंय की नासून जाईल आणि उद्या पुन्हा चूल थंड. मग त्याने गावातल्या बायकांच्या पाळ्या लावल्या, कोणी कोणत्या दिवशी जायचं, काय शिजवून न्यायचं. आमचं हॉलमधलं वाटप म्हणजे शातियोंची पहिली संध्याकाळ होती. पाळ्या आम्ही विसरलो होतो.

मावशींकडे गुरुवारी गेलो, हिशोब_दाखवा सोबत होते. चपला बाहेर काढल्या. मी आधी माफी मागितली, उभ्यानेच. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त चटई अंथरली. मग यांनी (हिशोब_दाखवांनी) निमसरकारींचा कागद काढला आणि आधार, रेशनकार्ड, बाप्तिस्म्याचा दाखला मागितला. तीन कागदांवर तीन नावं! मावशी म्हणाल्या, "चौथा पन हाय, बापूस मना बायग्या बोलायचा." पहिल्यांदा हसल्या. पेन्शनचा अर्ज त्यांनी कधी केलाच नव्हता. आणि आम्ही दोन वर्षं तिथे तांदूळ नेत होतो. इतिवृत्तात लिहिलेलं आहे, दर महिन्याला, माझ्या अक्षरात: 'क्रमांक सात, किराणा दिला.'

नातू घरी होता. आमच्याशी बोलला नाही, मोबाइलमधून मान वर केली नाही. तेही ठीक आहे.

निघताना मावशींनी डबा दिला. नको म्हणणार होतो, तेवढ्यात चौथी_गल्ली आठवले, घेतला. आत वाल. आता निमसरकारी आणि हिशोब_दाखवा, दोघांनी सांगा, कॉन्फरन्सच्या वहीत मी हे कुठे लिहू?

---

निमसरकारी | पुढच्या रविवारी, रात्री १०:४४

नावातल्या फरकासाठी प्रतिज्ञापत्र करून घ्या, राजपत्राची गरज पडेलच असं नाही. वालाचं शासन निर्णयात नाही.

---

घंटाळी_मैदान | पुढच्या रविवारी, रात्री १०:५०

सोललेले की नुसते?

---

हिशोब_दाखवा | पुढच्या रविवारी, रात्री १०:५२

सोललेले. मोड काढून, एकन्‌एक. मी झाकण उघडून बघितलं.